'द पीसमेकर' आणि तीन टक्क्यांचा हिशेब

'द पीसमेकर' हा सिनेमा जवळपास माझ्याच वयाचा आहे. २६ सप्टेंबर १९९७ ला तो अमेरिकेत लागला. स्पीलबर्ग, कॅट्झनबर्ग आणि गेफन या त्रिकुटाने काढलेल्या ड्रीमवर्क्सचा हा पहिलावहिला सिनेमा. जॉर्ज क्लूनी, निकोल किडमन, हान्स झिमरचं संगीत, मिमी लेडरचं दिग्दर्शन. एवढं सगळं जुळून येऊनही तो 'बरा आहे' या सदरात पडला आणि पुढे केबलवर रात्री अकरानंतर लागणाऱ्या सिनेमांच्या रांगेत जाऊन बसला. मी पहिल्यांदा तिथेच पाहिला, तोही अर्धा, कारण दुसऱ्या दिवशी शाळा होती. मागच्या शनिवारी अखेर पूर्ण पाहिला. मग अख्खा रविवार त्याच्यामागचा खरा इतिहास वाचण्यात गेला. कपडे धुवायचे राहिले ते राहिलेच.

(पुढे गोष्ट शेवटापर्यंत सांगणार आहे. ज्यांना सिनेमा बघायचाय त्यांनी आधी बघून या. मी थांबतो.)

तर गोष्ट अशी. करारानुसार मोडीत काढायची दहा अण्वस्त्रं घेऊन एक रशियन ट्रेन रात्रीची चाललेली असते. कोडोरॉफ नावाचा रशियन जनरल त्यातली नऊ उचलतो आणि दहावं टायमर लावून मागे सोडतो. ट्रेन समोरून येणाऱ्या पॅसेंजर गाडीवर आदळते आणि पाठोपाठ अणुस्फोट. जगाला वाटावं, अपघात झाला. व्हाइट हाउसमधली अणुतज्ज्ञ ज्युलिया केली (किडमन) हिला मात्र यात काहीतरी काळंबेरं दिसतं. तिच्या जोडीला लेफ्टनंट कर्नल डेव्हो (क्लूनी). तिला बॉम्ब कळतात, त्याला माणसं कळतात. इराणकडे निघालेला ट्रक हेलिकॉप्टरने गाठून ते आठ बॉम्ब परत मिळवतात. एक कमी भरतो. तो एक, सोललेला, पाठीवरच्या सॅकमध्ये घालून सारायेव्होचा एक पियानो मास्तर न्यूयॉर्कला पोचतो. लक्ष्य, संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय.

आपल्याकडे हा प्रकार झालाय. २००२ चा '१६ डिसेंबर' आठवतोय का? मिलिंद सोमण, डॅनी, दिल्लीत अणुबॉम्ब, आणि तो थांबवायला गुलशन ग्रोव्हरचा आवाज हवा! त्यावर आम्ही हॉस्टेलमध्ये इतके हसलोय की विचारू नका. पण 'पीसमेकर'वर तसं हसता येत नाही. कारण तो एका पत्रकार जोडप्याच्या शोधकामावर उभा आहे. अँड्र्यू आणि लेस्ली कोबर्न हे ते जोडपं. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर तिथल्या अणुसाठ्याचं काय होतंय याचा माग त्यांनी काढला आणि त्याच वर्षी, १९९७ मध्ये, 'वन पॉइंट सेफ' नावाचं पुस्तकही काढलं. (जाता जाता, 'हाउस' मालिकेतली थर्टीन, म्हणजे ऑलिव्हिया वाइल्ड, ही यांची मुलगी.) किडमनचं पात्रसुद्धा हवेतून आलेलं नाही. १९९४-९५ मध्ये क्लिंटन यांच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत जेसिका स्टर्न या तज्ज्ञ याच विषयावर काम करत होत्या, त्यांच्यावरून ते बेतलंय.

आता खरी परिस्थिती बघू. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन विसर्जित झाली तेव्हा पंचवीस हजारांहून जास्त अण्वस्त्रं मागे उरली होती. लांब पल्ल्याची अस्त्रं एका रात्रीत चार देशांत वाटली गेली: रशिया, युक्रेन, कझाकस्तान, बेलारूस. १९९६ संपेपर्यंत बाकी तिघांनी आपापली सगळी अस्त्रं रशियाकडे परत केली. हे एवढ्या शांतपणे झालं की आज त्याचं कोणाला विशेष वाटत नाही. युक्रेनला त्या बदल्यात डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्टला सार्वभौमत्वाची लेखी हमी मिळाली. त्या हमीचं पुढे २०१४ आणि २०२२ मध्ये काय झालं ते सांगायला नको.

पण सिनेमा आणि इतिहास यांच्या वाटा इथेच वेगळ्या होतात. सिनेमातला जनरल तयार बॉम्ब पळवतो. प्रत्यक्षात तयार बॉम्ब हीच सगळ्यात कमी काळजीची गोष्ट होती. बॉम्बला नंबर असतो. तो मोजता येतो, आणि एक कमी झाला तर लगेच कळतं. रशियन संरक्षण खात्याचा एक स्वतंत्र विभाग फक्त तेवढंच काम करत होता आणि त्यातल्या त्यात शिस्तीत करत होता.

खरं भोक होतं ते कच्च्या मालात. अतिसमृद्ध युरेनियम आणि प्लुटोनियम. पावडर, धातूचे तुकडे, द्रावणं, भंगार, अशा सगळ्या रूपांत शेकडो टन माल डझनावारी कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत पडून होता. सोव्हिएत पद्धतीत त्याची राखण म्हणजे माणसांची राखण. शहरं नकाशावर नसलेली, भोवती कुंपण, आतल्या माणसावर केजीबीचं लक्ष. दारावर दोरा आणि मेणाचं सील. मालाचा हिशेब मात्र आपल्याला हिशेब म्हणजे जे वाटतं तसा नव्हता. वरून आलेलं उत्पादनाचं टार्गेट पुरं करायचं, जास्तीचं निघालं तर वहीत न लिहिता बाजूला ठेवायचं, पुढच्या वेळी कमी पडलं तर त्यातून भरायचं. (टार्गेटवर चालणाऱ्या कुठल्याही ऑफिसात काम केलं असेल तर हे ओळखीचं वाटेल.) कुंपण आणि केजीबी आहे तोवर हे चालून गेलं. १९९१ नंतर केजीबी गेली, पगार थांबले आणि वही तशीच राहिली.

पोडोल्स्क हे मॉस्कोजवळचं गाव. तिथल्या 'लुच' नावाच्या संस्थेत एक केमिकल इंजिनिअर काम करायचा. जुना, विश्वासातला माणूस. युरेनियमला किती भाव येतो असं काहीतरी त्याने पेपरात वाचलं. त्याच्या विभागात प्रक्रिया करताना साधारण तीन टक्के माल वाया जाणार हे नियमातच धरलेलं होतं. हा गडी काम इतकं नेटकं करायचा की प्रत्यक्षात त्याहून कमी वाया जायचं. मधला फरक तो घरी न्यायचा. एका वेळी काही ग्रॅम, बरणीत. १९९२ च्या मे ते सप्टेंबरपर्यंत, असं करत करत त्याने सुमारे दीड किलो नेलं, नव्वद टक्के समृद्ध केलेलं. बॉम्बला लागतं त्या दर्जाचं. ठेवलं कुठे? घराच्या बाल्कनीत.

कारखान्याला पत्ता नाही. पत्ता लागणं शक्यच नव्हतं, कारण वहीप्रमाणे काही गेलेलंच नव्हतं!

तो पकडला गेला तोही योगायोगाने. ऑक्टोबर १९९२ मध्ये गिऱ्हाईक शोधायला मॉस्कोला निघाला असताना पोडोल्स्क स्टेशनवर त्याला शेजारीपाजारी भेटले. त्यांनी कारखान्यातून बॅटऱ्या चोरल्या होत्या. पोलिसांनी बॅटरीचोर धरले, सोबत यालाही धरलं, आणि पिशवी उघडून बघतात तर हे. त्याला त्यातून काय हवं होतं? नवा फ्रिज आणि गॅसची शेगडी. कोर्टाने तीन वर्षांच्या प्रोबेशनवर सोडलं.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसता बसलो. आमच्या ऑफिसात रोज रात्री दोन सिस्टिम्समधले आकडे ताडून बघणारा एक जॉब चालतो. फरक ठरलेल्या मर्यादेत असेल तर जॉब हिरवा. ती मर्यादा कोणी ठरवली, का ठरवली, हे आज टीममध्ये कोणाला सांगता येणार नाही. मीसुद्धा तो हिरवा ठिपका बघून कितीदा निवांत झोपलोय. इथे फार तर काही रुपये इकडचे तिकडे होतील. तिथे त्या मर्यादेत दीड किलो युरेनियम मावलं. तेवढ्यात एक बॉम्ब होत नाही हे खरं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था धोक्याची मोजणी करताना अशा मालातलं २५ किलो युरेनियम-२३५ धरते. पण पोडोल्स्कचा माणूस एकटाच असेल कशावरून?

नव्हताच. नोव्हेंबर १९९३ मध्ये मुर्मान्स्कजवळच्या नौदलाच्या गोदामातून पाणबुडीच्या इंधनाचा साडेचार किलो माल गेला. चोर कुंपणाच्या भोकातून आत शिरला होता. इथे बटाट्यांवर यापेक्षा कडक पहारा असतो, असं तपास अधिकारी नंतर वैतागून म्हणाले. ऑगस्ट १९९४ मध्ये मॉस्कोहून आलेल्या विमानातून म्युनिकला ३६३ ग्रॅम प्लुटोनियम उतरलं. त्याच डिसेंबरात प्रागमध्ये एका गाडीत २.७ किलो अतिसमृद्ध युरेनियम मिळालं. यातली बरीच प्रकरणं खबऱ्यांमुळे किंवा नशिबाने उघडी पडली. 'अरे, आमच्याकडे माल कमी भरतोय' असं म्हणत कोणी ओरडत आलं नाही.

सिनेमा लागायच्या एकोणीस दिवस आधी मात्र भलताच योग जुळून आला. ७ सप्टेंबर १९९७ ला अमेरिकेतल्या '६० मिनिट्स' कार्यक्रमात जनरल अलेक्सांद्र लेबेड यांची मुलाखत दाखवली गेली. येल्त्सिन यांचे माजी सुरक्षा सचिव. ते म्हणाले की सुटकेसमध्ये मावतील असे शंभराहून अधिक रशियन बॉम्ब कुठे आहेत ते सांगता येत नाही. रशियाने साफ इन्कार केला आणि त्या दाव्याला पुरावा कधीच मिळाला नाही. पण निर्मात्यांना याहून चांगली जाहिरात पैसे देऊन मिळाली नसती. सिनेमासारखंच लेबेड यांचंही बोट तयार बॉम्बकडे होतं. दिसायला तेच भारी दिसतं. बाल्कनीतली बरणी पोस्टरवर काय दाखवणार?

सिनेमाची दुसरी चूक मला जास्त खटकली. त्याने गृहीत धरलंय की उपाशी रशियन माणूस विकायला तयारच बसलाय. कोडोरॉफ पैशासाठी सगळं करतो आणि आपल्याला त्याचं नवलही वाटत नाही. आता हे बघा. उरल भागात स्नेझिन्स्क नावाचं बंद शहर आहे, जुनं नाव चेल्याबिन्स्क-७०. रशियाच्या दोन मुख्य अण्वस्त्र प्रयोगशाळांपैकी एक तिथे. व्लादिमिर नेचाय हे तिचे संचालक. १९९६ मध्ये मॉस्कोकडून पैसे येणं थांबलं. बॉम्बचं डिझाइन करणाऱ्या हजारो लोकांचे पगार कित्येक महिने थकले. नेचाय कर्ज काढून, हातापाया पडून रेटत राहिले. ३० ऑक्टोबर १९९६ ला त्यांनी ऑफिसात स्वतःवर गोळी झाडून घेतली.

या माणसाच्या हाताखाली काय होतं याचा विचार करा. त्याच्या एका फोनवर किती गिऱ्हाइकं आली असती. पोडोल्स्कच्या इंजिनिअरची गोष्ट जगभर झाली आणि ते बरोबरच आहे. पण त्याच वर्षांत बिनपगारी कामावर येऊन, कुलूप लावून, घरी बटाटे खाणारी जी हजारो माणसं होती, त्यांच्यावर ना सिनेमा निघाला ना कोणी मुलाखत घेतली. १९९० च्या दशकात अणुबॉम्ब काळ्या बाजारात का आला नाही याची कारणं शोधायची तर माझ्या मते पहिला नंबर त्यांचा. अमेरिकी पैशाचा नंबर त्यानंतर.

अर्थात तो पैसा कामी आला नाही असं नाही. सॅम नन आणि रिचर्ड लुगार या दोन सेनेटरांनी, एक डेमोक्रॅट एक रिपब्लिकन, १९९१ च्या अखेरीस कायदा करून घेतला: शत्रूची शस्त्रं मोडायला आपणच पैसे द्यायचे. तेव्हा कित्येकांना हा वेडेपणा वाटला होता. त्या कार्यक्रमाखाली पुढे साडेसात हजारांहून अधिक अण्वस्त्रं निकामी झाली. आणि १९९४ चा 'प्रोजेक्ट सफायर'! सिनेमा खरं तर यावर निघायला हवा होता. कझाकस्तानात उस्त-कामेनोगोर्स्कच्या कारखान्यात पाणबुड्यांच्या इंधनासाठी आणलेलं सुमारे ६०० किलो अतिसमृद्ध युरेनियम साध्या कुलपाआड पडलं होतं. अमेरिकी वकिलातीतल्या अँडी वेबर या अधिकाऱ्याला त्याची माहिती मिळाली ती एका चिठ्ठीवर: कोणता माल, किती टक्के, किती किलो. बास. मग ३१ जणांचं पथक गुपचूप तिथे गेलं आणि सहा आठवडे रोज बारा-बारा तास डबे भरत बसलं. वजन करायचं, लिहायचं, डबा बंद करायचा. नोव्हेंबरात प्रचंड सी-५ विमानांनी सगळा माल अमेरिकेला नेला. गोळीबार नाही, पाठलाग नाही. वीसेक बॉम्बचा ऐवज तराजू आणि वही घेतलेल्या माणसांनी हलवला.

एवढी टीका करूनही एका बाबतीत सिनेमाला सलाम ठोकावा लागतो. ते म्हणजे तो पियानो मास्तर, दुशान गाव्रिच. मार्सेल युरेश या रुमानियन नटाने ही भूमिका अशी केलीय की क्लूनी त्याच्यापुढे जाहिरातीतला वाटतो. त्या काळचे खलनायक खंडणी मागायचे, नाहीतर गडगडाटी हसायचे. हा काहीच मागत नाही. सारायेव्होत त्याची बायको आणि मुलगी गोळ्यांना बळी पडलेल्या आहेत. तो वेढा एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, म्हणजे जवळजवळ चार वर्षं चालला आणि संयुक्त राष्ट्रांचे सैनिक शहरात असताना चालला. बाहेरच्यांनी शस्त्रं पुरवली, नकाशावर रेघा ओढल्या आणि वर शांतिदूत म्हणवून घेतलं, हे त्याचं म्हणणं तो व्हिडिओवर सांगून ठेवतो. सिनेमाचं नाव तिथे उलटं होऊन अंगावर येतं. (अमेरिकेच्या बी-३६ या अणुबॉम्बर विमानाचं नावही पीसमेकरच होतं, हा आणखी एक विनोद.) दहा बॉम्ब मागणाऱ्यापेक्षा एकच हवा असणाऱ्याची भीती जास्त, हे केलीला कळतं आणि आपल्यालाही पटतं. २००१ च्या चार वर्षं आधी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सॅक घेतलेला माणूस शोधणारे पोलीस दाखवणं, हे आज बघताना पोटात कालवतं.

आणि तो शेवट. इंजिनिअर असाल तर एवढ्यासाठी तरी सिनेमा बघा. चर्चमध्ये टायमर चालू, गाव्रिचने स्वतःला संपवलेलं. इथे लाल वायर-निळी वायर होत नाही. प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती स्फोटकांचं कवच असतं. सगळ्या बाजूंनी ते एकाच क्षणी, मायक्रोसेकंदांच्या हिशेबात, फुटलं तरच गोळा सारखा दाबला जातो आणि अणुस्फोट होतो. केली कवचाचा एक तुकडा उपटून काढते. समतोल बिघडला, आता उरला नुसता साधा स्फोट. कोबर्न यांच्या पुस्तकाच्या नावातलं 'वन पॉइंट सेफ' ते हेच. अमेरिकी नियम असा की स्फोटक एकाच बिंदूपाशी पेटलं, तर चार पौंड टीएनटीपेक्षा जास्त अणुऊर्जा बाहेर पडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी असली पाहिजे.

मात्र पुढचं सिनेमा सोयीस्कर विसरतो. स्पेनमधल्या पालोमारेसला १९६६ मध्ये आणि ग्रीनलँडमधल्या थुलेला १९६८ मध्ये बी-५२ विमानं पडली, तेव्हा बॉम्बची स्फोटकं खरोखर अशीच फुटली होती. अणुस्फोट झाला नाही, पण प्लुटोनियम सगळीकडे पसरलं. पालोमारेसहून सुमारे १४०० टन माती पिंपांत भरून अमेरिकेला न्यावी लागली. चर्चच्या खिडकीतून उडी मारून वाचलेली आपली नायिका शेवटच्या सीनमध्ये मजेत पोहत असते आणि क्लूनी तिला बिअर प्यायला बोलावतो. आंघोळ तरी नीट घातली असेल अशी आशा करू.

सिनेमा संपला तरी पोडोल्स्कच्या जातीच्या त्या मालाचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. १९९३ मध्ये अमेरिका आणि रशियाने एक सौदा केला. रशियन बॉम्बमधलं ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम पातळ करायचं आणि वीजकेंद्रांचं इंधन म्हणून अमेरिकेला विकायचं. हे वीस वर्षं चाललं. साधारण वीस हजार बॉम्बचा माल. त्या काळात अमेरिकेच्या एकूण विजेपैकी सुमारे दहा टक्के वीज यातून निघत होती. म्हणजे १९९७ नंतर अमेरिकेत कोणी 'पीसमेकर' टीव्हीवर लावला असेल, तर तो टीव्ही थोडासा रशियन बॉम्बवर चाललेला असण्याची बरीच शक्यता आहे.

लुगार २०१२ मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरले. त्याच वर्षी रशियाने नन-लुगार करार जुन्या स्वरूपात पुढे न्यायला नकार दिला. आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्या वीस वर्षांच्या सौद्यातली शेवटची खेप घेऊन जहाज अमेरिकेत पोचलं.

'पीसमेकर'नंतर पाच वर्षांनी, २००२ मध्ये, 'द सम ऑफ ऑल फिअर्स' आला होता. त्यात अतिरेक्यांचा बॉम्ब मालवाहू जहाजातून बंदरात उतरतो आणि शहर उद्ध्वस्त करतो. ते शहर बाल्टिमोर. ती शेवटची खेपही बाल्टिमोरलाच उतरली. बॉम्बमधून काढलेलं युरेनियम, सिलिंडरांत भरलेलं, सोबत कागदपत्रं आणि वजनाच्या नोंदी.